दुपारी पंप का दमतो? तापमान आणि ट्रान्झिस्टरची शक्तिमर्यादा

(वरसे, ता. रोहा, जि. रायगड येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जणांना नवल वाटले असेल. पिकांबद्दल शिकविणारी ही बाई ट्रान्झिस्टरवर काय बोलणार, असा प्रश्न मनात आला असेल तर तो रास्तच आहे. ट्रान्झिस्टर म्हटले की आपल्या आजी-आजोबांना आठवतो तो खांद्याला अडकवून शेतावर न्यायचा रेडिओ. बातम्या, शेतीचे कार्यक्रम आणि भजने त्यावर ऐकली जात. पण त्या रेडिओला ते नाव मिळाले त्याच्या पोटातल्या एका लहानशा वस्तूवरून. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ती प्रथम तयार झाली. तिच्या तीन संशोधकांना, बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली यांना, १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रेडिओ मागे पडला, पण ती वस्तू आपल्या शेतावरून गेली नाही. उलट तिची संख्या वाढली. सौर पंपाचा कंट्रोलर, बॅटरीवरचा फवारणी पंप, रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाचे झटका मशीन, घरातला इन्व्हर्टर, खिशातला मोबाईल, या सर्वांत ट्रान्झिस्टर काम करतो. राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ योजना २०२४ मध्ये आली. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप असे तिचे स्वरूप आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. अशा प्रत्येक पंपाबरोबर एक कंट्रोलर येतो, आणि त्या कंट्रोलरचे काळीज म्हणजे ट्रान्झिस्टर. म्हणूनच हा विषय आता आपल्या पाण्याचा, म्हणजे पिकाचा झाला आहे.

माझी चूक

हा विषय मी पुस्तकातून शिकले नाही. नुकसान सोसून शिकले. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या शेतावर भातानंतर दीड एकर कलिंगड लावले होते. लावण उशिरा झाल्याने फळे भरण्याचा काळ एप्रिलमध्ये आला. विहिरीवर ३ अश्वशक्तीचा सौर पंप होता. दादाचा फोन आला, “ताई, दुपारी पंप आपोआप बंद पडतो. बटण दाबले की पुन्हा चालतो. विहीर आटली की काय?” विहिरीत पाणी होते. मी त्याला सांगितले, “दुपारीच तर ऊन जास्त असते. बंद पडला की लगेच चालू कर, पाणी कमी पडू देऊ नकोस.”

दादाने माझे ऐकले. दिवसातून चार-पाच वेळा तो बटण दाबून पंप चालू करीत राहिला. पाचव्या दिवशी कंट्रोलर कायमचा गप्प झाला. नवा येईपर्यंत बारा दिवस गेले. फळे भरण्याच्या ऐन काळात बारा दिवस पाणी नाही. नंतर पाणी सुरू झाले तेव्हा तहानलेल्या वेलींनी ते एकदम ओढले आणि मोठी फळे तडकली. व्यापाऱ्याने तडकलेला माल उचलला नाही.

कंट्रोलर काढताना कारण दिसले. तो पत्र्याच्या खोपटात, पश्चिमेकडच्या पत्र्यालाच ठोकलेला होता. पावसाळ्यात झड लागू नये म्हणून त्यावर गोणपाट टाकले होते, ते काढायचे राहून गेले. मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये कुंभारीण माशीने मातीची घरे बांधली होती. यंत्र आपल्या परीने सांगत होते की, मला गरम होते आहे, जरा थांबा. ती सूचना आम्ही तंट्यासारखी समजलो. यंत्राचा दोष नव्हता, दादाचाही नव्हता. चुकीचा सल्ला माझा होता.

कंट्रोलरमध्ये उष्णता कोठून येते?

सौर पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. पंपाची मोटर बहुधा थ्री फेज एसी विजेवर चालते. कंट्रोलरमधले ट्रान्झिस्टर ही डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा जोडून-तोडून तिची एसी वीज करतात. दर वेळी जोडताना आणि तोडताना थोडी वीज वाया जाते. वाया गेलेली वीज म्हणजेच उष्णता.

ही उष्णता किती? चांगल्या कंट्रोलरमध्ये साधारण तीन टक्के वीज वाया जाते असे धरू. ५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३,७०० वॅट. त्याचे तीन टक्के म्हणजे सुमारे ११० वॅट. पूर्वी घरात शंभराचा पिवळा बल्ब असे. त्याला हात लावला तर चटका बसे. तसा एक बल्ब बंद पेटीत दिवसभर पेटता ठेवावा, तेवढी ही उष्णता आहे. पाणी, धूळ आणि मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून पेटी तर सगळीकडून बंद केलेली असते. उष्णतेला बाहेर पडायला मागच्या पात्यांचाच काय तो रस्ता.

मर्यादा कशी कमी होते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ट्रान्झिस्टरचा गाभा सिलिकॉनचा असतो. गाभ्याचे तापमान एका ठरावीक आकड्यापलीकडे गेले की तो बिघडतो. बहुतेक सिलिकॉन ट्रान्झिस्टरसाठी हा आकडा १५० अंश सेल्सिअस असतो; काहींसाठी १७५ किंवा २०० अंश. १५० अंश म्हणजे खूपच झाले, असे आपल्याला वाटेल. पण हे तापमान गाभ्याचे आहे, हवेचे नाही.

खाडीकाठच्या खारजमिनीत ज्यांनी शेती केली आहे त्यांना हे लगेच समजेल. शेताभोवती बांध आहे. वरून पावसाचे पाणी शेतात येते आणि उघाडीतून खाडीत जाते. ओहोटी असेल तर आतले पाणी आणि खाडीचे पाणी यांच्या पातळीत मोठा फरक असतो, त्यामुळे पाणी जोरात बाहेर पडते. कितीही पाऊस आला तरी बांध सुरक्षित राहतो. भरती आली की खाडीची पातळी चढते, फरक कमी होतो, निचरा मंदावतो. तोच पाऊस, तोच बांध, तीच उघाडी, पण आता पाणी बांधावरून जाण्याची भीती. भरतीच्या वेळी बांधाला झेपेल असा पाऊस कमी असतो.

ट्रान्झिस्टरचे नेमके असेच आहे. आत तयार होणारी उष्णता हा पाऊस. गाभ्याची १५० अंशांची मर्यादा ही बांधाची उंची. बाहेरच्या हवेचे तापमान ही खाडीची पातळी. पात्या म्हणजे उघाडी. हवा तापली म्हणजे भरती आली. बांध तेवढाच राहिला, पण झेपणारा पाऊस कमी झाला. यालाच तंत्रज्ञ डिरेटिंग म्हणतात, म्हणजे तापमान वाढेल तसा शक्तीचा मर्यादा-आकडा खाली आणणे.

याचा हिशेब पाचवीतले मूलही करील. गाभ्याची मर्यादा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरक काढावा. एक वॅट उष्णता बाहेर घालविण्यासाठी जितक्या अंशांचा फरक लागतो, त्याने भागावे. उत्तर येईल ती झेपणारी उष्णता. एक उदाहरण घेऊ. मर्यादा १५० अंश आणि दर वॅटला २ अंश फरक लागतो असे समजा.

हवा २५ अंश, पात्या स्वच्छ : ६२.५ वॅट
हवा ४५ अंश, पात्या स्वच्छ : ५२.५ वॅट
हवा ६५ अंश, पात्या स्वच्छ : ४२.५ वॅट
हवा ६५ अंश, पात्या बुजलेल्या, दर वॅटला ३ अंश : सुमारे २८ वॅट

शेवटची ओळ नीट पाहावी. हवा २५ वरून ६५ अंशांवर गेली तेव्हा मर्यादा एक तृतीयांशाने उतरली. त्यात पात्या बुजल्या तेव्हा ती निम्म्याच्याही खाली आली. हवामान आपल्या हातात नाही, पण झाडणी आपल्या हातात आहे. आमच्या कंट्रोलरचे नेमके हेच झाले होते.

कोणी म्हणेल, हवा ६५ अंश कोठे असते? मोकळ्या हवेत नसते. पण तापलेल्या पत्र्याला टेकलेल्या, ऊन खाणाऱ्या, गोणपाटाखालच्या पेटीभोवतीची हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. बाहेरची हवाही आपल्याकडे कमी नाही. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली आणि ती देशभर गाजली. कोकण म्हणजे समुद्राचा गारवा, ही समजूत डोंगराच्या पायथ्याच्या गावांना लागू पडत नाही.

पाटीवरचा आकडा कसा वाचावा?

आपण वस्तू घेताना पाटीवरचा आकडा पाहतो. पण तो आकडा कोणत्या तापमानाला, हे पाहत नाही. २एन३०५५ नावाचा एक जुना, प्रसिद्ध ट्रान्झिस्टर आहे. ध्वनिवर्धकाच्या अॅम्प्लिफायरमध्ये आणि जुन्या इन्व्हर्टरमध्ये तो सर्रास असे. त्याची शक्ती ११५ वॅट, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. पण त्याच पुस्तिकेत पुढे म्हटलेले असते की, ही शक्ती ट्रान्झिस्टरचे कवच २५ अंशांवर असताना. त्यापुढे प्रत्येक अंशाला ०.६५७ वॅट वजा करावेत. म्हणजे कवच १०० अंशांवर पोचले की ११५ वॅटचा ट्रान्झिस्टर जेमतेम ६६ वॅटचा राहतो, आणि २०० अंशांवर शून्य वॅटचा. बीसी५४७ हा चिमुकला ट्रान्झिस्टरही तसाच. २५ अंशांच्या हवेत ६२५ मिलिवॅट, पुढे प्रत्येक अंशाला ५ मिलिवॅट कमी.

पंपाच्या कंट्रोलरला आपण ट्रान्झिस्टरचे गणित विचारीत बसणार नाही. कारखान्याने ते करून ठेवलेले असते. अनेक कंट्रोलरच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमता आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला एक ते दोन टक्के कमी, अशा अर्थाची ओळ असते. काहींत ४० च्या जागी ५० असते. आपल्या पुस्तिकेतील ती ओळ शोधावी आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. ही तापमाने कंट्रोलरभोवतीच्या हवेची आहेत, वेधशाळेच्या आकड्याची नाहीत, हे लक्षात ठेवावे.

पॅनेलची गोष्ट वेगळी

येथे एक घोटाळा होतो. पॅनेलही उन्हात दमते. पॅनेलवर लिहिलेली वॅटची संख्या पॅनेल स्वतः २५ अंशांवर असतानाची असते. कडक उन्हात पॅनेल हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी अधिक तापते. हवा ३६ अंश असली तर पॅनेल ६३ अंशांच्या आसपास जाते. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घट धरली तर उत्पादन १५ टक्क्यांनी कमी होते.

पण पॅनेल आणि ट्रान्झिस्टर यांच्यात मोठा फरक आहे. पॅनेल तापले की आपणहून कमी वीज देते आणि संध्याकाळी पुन्हा पूर्ववत होते. तेथे काही जळत नाही. ट्रान्झिस्टर मात्र आपणहून काम कमी करीत नाही. मोटर मागेल तेवढा प्रवाह तो वाहून नेतो आणि त्यातच मरतो. इतकेच नव्हे, काही प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये गाभा तापला की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की गाभा आणखी तापतो. ओला पेंढा उडवीत रचला तर उडवी आतून तापत जाते, तसाच हा प्रकार.

म्हणून शहाणा कंट्रोलर स्वतःचे तापमान मोजतो. मर्यादा जवळ आली की पंपाचा वेग उतरवितो. आणखी तापला तर पंप बंद करून पडद्यावर सूचना दाखवितो. कडक उन्हातही पंपाचे पाणी मंदावले तर विहीर, फूटव्हॉल्व्ह आणि गाळणी यांबरोबर कंट्रोलरचा ताप हेही कारण तपासावे. औताचे बैल उन्हाला धापा टाकू लागले की आपण औत सोडतो, चाबूक उगारत नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबणे म्हणजे चाबूक उगारणे होय. तापणे-निवणे, तापणे-निवणे या फेऱ्यांनी गाभ्याचे आतले जोड सैल होतात आणि यंत्राचे आयुष्य घटते. शिवाय कंट्रोलरमध्ये कपॅसिटर नावाचा भाग असतो. त्याचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे.

पंप केव्हा चालवावा?

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पिकाच्या पाण्याकडे येते. रोह्याच्या रेखांशावर सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नव्हे, तर साडेबारा ते पाऊणच्या सुमारास. त्यामुळे सकाळी साडेदहाला पॅनेलवर जितके ऊन पडते, जवळजवळ तितकेच दुपारी पावणेतीनला पडते. पण सकाळी साडेदहाला हवा निवलेली असते, पत्रा तापलेला नसतो, पेटी रात्रभर थंड झालेली असते. पावणेतीनला हे सर्व उलट असते. ऊन सारखे, ताप वेगळा. म्हणून ज्या कामाला पूर्ण दाब लागतो ते काम सकाळच्या बाजूला घ्यावे.

ठिबक असेल तर शेताचे भाग पाडावेत. मोठा किंवा लांबचा भाग नऊ ते बारा या वेळात भिजवावा. लहान आणि जवळचा भाग दुपारी. दुपारी पंपाचा वेग उतरला तर दाब कमी होतो, आणि मोठ्या भागात नळीच्या टोकाच्या झाडांना पाणी पोचत नाही. टाकी किंवा शेततळे असल्यास ते सकाळी भरून ठेवावे आणि उतार असेल तेथे संध्याकाळी त्यातून पाणी सोडावे.

दुपारी वेल किंवा भाजीपाला मलूल दिसला की आपला जीव कासावीस होतो. माझाही झाला होता. पण दुपारची मलूलता ही नेहमी पाण्याची मागणी नसते. मुळे ओढतात त्यापेक्षा पानांतून अधिक पाणी उडते, म्हणून पान माना टाकते. संध्याकाळी झाड ताजे झाले तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. सकाळीही मलूल दिसले तर मात्र पाणी कमी आहे. निर्णय पानावरून घेऊ नये. मुळाशी वीतभर खोल माती काढून मुठीत दाबून पाहावी. भाताचा पेंढा किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन केल्यास ओल टिकते आणि पंपाची निकड कमी होते. यंत्राला विश्रांती द्यायची असेल तर जमिनीत ओल राखली पाहिजे.

डोलवहाळ बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांचे पाणी ज्यांना मिळते त्यांची गोष्ट निराळी. पण कालव्याबाहेरच्या, विहीर-बोअरवर वाल, भाजीपाला, कलिंगड करणाऱ्या शेतकऱ्याला पंप हाच कालवा आहे.

कंट्रोलरची निगा

पुढील गोष्टी मार्च सुरू होण्यापूर्वी कराव्यात.

१) कंट्रोलरवर थेट ऊन पडू देऊ नये. पॅनेलच्या सांगाड्याखाली, पॅनेलच्याच सावलीत खांबावर बसविणे सर्वांत सोपे. भिंत निवडायची झाल्यास पश्चिमेची टाळावी, कारण सर्वांत तापलेल्या वेळी तिच्यावरच ऊन येते. उत्तरेची भिंत चांगली. मात्र आपल्याकडे मेच्या मध्यापासून सूर्य थोडा उत्तरेकडे सरकतो, तेव्हा वर लहानसा छज्जा असावा.

२) पत्र्याच्या बंद खोपटात कंट्रोलर लावू नये. लावावाच लागला तर खाली आणि वर झरोके ठेवावेत. गरम हवा वरून निघून जाते आणि थंड हवा खालून येते.

३) पेटीच्या वर, खाली आणि बाजूंना निदान वीतभर जागा मोकळी ठेवावी. पुस्तिकेत अधिक अंतर सांगितले असल्यास ते पाळावे. पेटी आडवी किंवा उलटी लावू नये. पात्या उभ्या असल्या तरच हवा त्यांतून वर चढते.

४) पावसासाठी गोणपाट किंवा ताडपत्री गुंडाळू नये. वर छप्पर करावे, अंगावर घोंगडी घालू नये.

५) दर महिन्याला पात्यांमधील धूळ, जाळी आणि कुंभारीण माशीची माती कोरड्या ब्रशने काढावी. हे काम सकाळी लवकर, पंप बंद करून आणि पॅनेलकडून येणारा डीसी स्विच पाडून करावे. कारखान्याने पंखा बसविला असेल तर तो फिरतो की नाही ते पाहावे.

६) पेटीचे झाकण स्वतः उघडू नये. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत काही शे व्होल्टचा दाब असतो, आणि बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज साठलेली राहते. जीव जाऊ शकतो. शिवाय योजनेतील पंपाला पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते, ती झाकण उघडून घालवू नये.

७) पंप बंद पडला तर पडद्यावरील सूचना आणि वेळ वहीत लिहावी. रोज दुपारीच बंद पडत असेल तर ताप हे कारण समजून निदान अर्धा तास थांबावे, सावली व हवा तपासावी, आणि मगच सुरू करावा. तरीही तसेच होत असल्यास वही दाखवून तक्रार नोंदवावी. नोंद असली की तंत्रज्ञाचा वेळ वाचतो आणि आपली बाजू भक्कम राहते.

काही शंका

“पेटीवर ओले फडके टाकले तर?” असे एका काकांनी मघाशी विचारले. तसे करू नये. पाणी वायरीच्या तोंडातून आत जाते, आणि आपल्या दमट हवेत जोडांना गंज चढतो. गंजलेला जोड स्वतःच तापतो. पाणी ओतण्यापेक्षा सावली करावी.

“मोठ्या क्षमतेचा कंट्रोलर घेतला तर?” असेही विचारले गेले. स्वखर्चाने घेत असाल आणि जागा तापणारीच असेल, तर मोटरीच्या गरजेपेक्षा एक पायरी मोठा घेणे शहाणपणाचे आहे. घेताना दुकानदाराला विचारावे की, पूर्ण क्षमता किती अंशांपर्यंत आणि त्यापुढे दर अंशाला किती घट. उत्तर तोंडी न घेता पुस्तिकेत दाखवावयास सांगावे. मात्र मोठा कंट्रोलर गोणपाटाखाली ठेवला तर तोही जळेल.

एका ताईंनी विचारले की, हे फक्त सौर पंपालाच लागू आहे का? नाही. झटका मशीन उन्हात खांबाला टांगू नये. फवारणी पंप चार्ज करताना चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. मोबाईल तापल्यावर चार्ज होणे मंदावते तेही असेच स्वतःला जपण्याचे लक्षण असते. नियम एकच. पाटीवरचा आकडा थंड जागेचा असतो. आपली जागा तापली की तो कमी धरावा.

पिकाला किती पाणी, केव्हा, याचे वेळापत्रक करण्यासाठी किल्ला-रोहा येथील कृषि विज्ञान केंद्रात अवश्य जावे. माती, पीक आणि पंप यांचा मेळ घालून वेळा ठरविल्या तर दुपारी धावाधाव करावी लागत नाही.

दादाने त्या वर्षानंतर कंट्रोलर पॅनेलच्या सावलीत हलविला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनी पात्या झाडते. दीड एकराचे तीन भाग केले असून मोठा भाग सकाळी भिजतो. एप्रिलच्या दुपारी पंप अजूनही थोडा मंद होतो. तो होणारच. पण बंद पडत नाही, आणि आता कोणी त्याला घाई करीत नाही.

आपण सर्वांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी एकदा आपल्या पेटीच्या मागे हात फिरवून पाहावा, एवढीच माझी विनंती.